आरसा आणि ओटा: वाढत्या वयात स्वतःचं स्वतः करायला शिकताना

तेरा ते अठरा या वयात दोन कामं एकदमच अंगावर येतात. एक, रोज थोडं थोडं बदलणारं शरीर सांभाळायचं. दुसरं, आतापर्यंत कुणीतरी आपल्यासाठी करत आलेल्या गोष्टी आपल्या हाताने करायला शिकायच्या. पहिल्याबद्दल सल्ल्यांचा नुसता पूर असतो. दुसऱ्याबद्दल "एवढंही येत नाही का?" इतकंच ऐकायला मिळतं.

मी हे दोन्ही विषय मुद्दाम एकत्र घेतले आहेत, कारण दोन्हीकडे एकच रीत चालते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय होतं ते बघायचं, मग पुढची. भातात पाणी कमी पडलं हे अर्ध्या तासात कळतं. चेहऱ्याला लावलेलं मलम लागू पडलं की नाही हे कळायला दोन महिने जातात. ज्याचा हात आधी ओट्यावर बसतो त्याला आरशासमोर धीर धरणं सोपं जातं, हे मी घरातल्या मुलांमध्ये पाहिलं आहे. तरी सुरुवात आरशापासूनच करू, कारण तुझं लक्ष आत्ता तिथे असण्याची शक्यता जास्त.

आधी आरशाचं आणि कॅमेऱ्याचं ऐकायचं किती

हातभर अंतरावर मोबाईल धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं. त्यात नाकाचा काही दोष नाही. नाक कॅमेऱ्याच्या जवळ असतं, गाल आणि कान मागे असतात, आणि कॅमेरा जितका जवळ तितका हा फरक वाढतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचा गणिती हिशेब मांडला होता. १२ इंचांवरून घेतलेल्या फोटोत नाकाची रुंदी चेहऱ्याच्या मानाने सुमारे ३० टक्के जास्त दिसते, आणि पाच फुटांवरून घेतलेल्या फोटोत हा फरक जवळजवळ उरत नाही. तेव्हा नाकाबद्दल काहीही ठरवायचं असेल तर निदान पाच फूट लांबून दुसऱ्याने काढलेला फोटो बघ.

दुसरी गोष्ट उलट्या प्रतिमेची. आपण स्वतःला जन्मभर आरशात पाहतो, म्हणजे डावं-उजवं बदललेलं. १९७७ सालच्या एका प्रयोगात तरुणींना त्यांच्या चेहऱ्याचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा. बऱ्याच जणींना स्वतःचा आरशातला चेहरा जास्त आवडला, आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ फोटोतला. ज्याची सवय, ते बरं वाटतं. फोटोत आपण विचित्र दिसतो असं वाटतं त्यामागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

आणि बघणारे किती? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली किशोरवयातल्या एका अनुभवाला 'काल्पनिक प्रेक्षक' असं नाव दिलं: कुठेही शिरलं की सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटणं. पुढे २००० साली थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजून पाहिलं. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालायला देऊन माणसं बसलेल्या खोलीत पाठवलं. साधारण निम्म्या लोकांच्या ते लक्षात आलं असणार, असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात चारांतल्या जेमतेम एकालाच ते चित्र कुणाचं होतं हे सांगता आलं. बाकीचे आपापल्या टी-शर्टच्या काळजीत असावेत, असं मला वाटतं.

यातून करायचं काम छोटंसंच आहे. चेहरा नीट निरखायच्या वेळा ठरवून टाक: सकाळी दात घासल्यावर एकदा, रात्री तोंड धुतल्यावर एकदा. मोठं करून दाखवणारा आरसा घरात असेल तर तो कपाटात जाऊ दे. त्या अंतरावरून तुला कुणीही बघत नाही.

चेहरा: तीन वस्तू आणि आठ आठवडे

पिंपल येतात ते चेहरा अस्वच्छ असतो म्हणून नव्हे. वयात येताना शरीरातले अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात. ही मुलींमध्येही असतात. त्यांच्यामुळे त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल बनवतात, मृत पेशी आणि तेल मिळून केसाच्या मुळाशी असलेलं छिद्र बुजतं, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. हे सगळं त्वचेच्या आत चालतं, म्हणून वरून कितीही घासलं तरी ते थांबत नाही. उलट घासल्याने सूज वाढते. आईवडिलांना खूप पिंपल आले असतील तर मुलांनाही येण्याची शक्यता जास्त असते.

पहिले दोन आठवडे फक्त तीन वस्तू. दिवसातून दोनदा, आणि खूप घाम आला तर आणखी एकदा, सौम्य फेसवॉश आणि कोमट पाणी. बोटांच्या टोकांनीच लावायचं. ब्रश नको, खरखरीत स्क्रब नको. मग साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर. त्वचा तेलकट असली तरीही हवं, कारण पुढे जे औषध येणार आहे ते त्वचा कोरडी करतं. आणि दिवसा एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन. बाहेर उन्हात राहायचं असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. वेष्टनावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेलं असेल ते घे, म्हणजे छिद्रं न बुजवणारं.

दोन आठवड्यांनी त्वचा शांत असेल तर एक औषध, फक्त एक. बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचं मिळतं आणि सुरुवातीला तेवढंच पुरतं. ५ किंवा १० टक्क्यांचं घेतल्याने गुण तेवढाच येतो आणि जळजळ मात्र वाढते. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर वाटाण्याएवढं जेल घे आणि जिथे जिथे पिंपल येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरून लाव. आलेल्या पिंपलवरच ठिपके लावत बसू नकोस, कारण पुढचे पिंपल शेजारच्या, अजून साध्या दिसणाऱ्या त्वचेखाली तयार होत असतात. पहिला आठवडा एक दिवसाआड. या औषधाने कापडाचा रंग उडतो, म्हणून उशीला पांढरा अभ्रा आणि अंगात जुना शर्ट.

यानंतरचा भाग सगळ्यात अवघड: थांबायचं. सहा ते आठ आठवड्यांनी फरक दिसू लागतो, कधी बारा आठवडेही लागतात. याच काळात बहुतेक जण दहाव्या दिवशी कंटाळून दुसरं क्रीम आणतात, मग तिसरं, आणि शेवटी कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही. दर रविवारी, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी एक फोटो काढून ठेव आणि रोज बघू नकोस. आठ फोटो झाले की पहिला आणि आठवा शेजारी ठेवून बघ.

काही गोष्टी अजिबात करू नकोस. टूथपेस्ट लावली तर त्वचा भाजल्यासारखी जळजळू शकते. लिंबाचा रस लावून उन्हात जाणं तर फार वाईट, कारण लिंबातले काही घटक उन्हाच्या संपर्कात आले की त्वचेवर भाजल्यासारखे चट्टे उठतात. मी पंधराव्या वर्षी हे करून घेतलं होतं, आणि गालावरचा डाग जायला कित्येक महिने लागले. ते दिवस मी मान खाली घालून काढले, म्हणून हे इतकं कळकळीने लिहिते आहे. रंग उजळण्याचा वादा करणारं क्रीम कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नकोस. अशा काही क्रीममध्ये स्टिरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो, नंतर त्वचा पातळ होते, लाल पडते, पिंपल उसळतात, आणि क्रीम थांबवलं की आणखी भडकतात. आणि रंगात दुरुस्त करण्यासारखं काही नसतंच.

पिंपल फोडलं तर आतली सूज खोल जाते आणि तिथे खड्डा राहू शकतो. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, व्रण राहत असतील, किंवा तीन महिन्यांत फरक पडला नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञ. "वयाचा भाग आहे, जाईल आपोआप" असं मोठी माणसं मायेने म्हणतात. पिंपल जातातही, पण व्रण राहतात. घरच्यांना तसं स्पष्ट सांग.

घाम, केस, दाढी, पाळी

वयात येताना काखेतल्या वेगळ्या प्रकारच्या घामग्रंथी काम करू लागतात. त्या घामाला स्वतःचा वास जवळपास नसतो. त्वचेवरचे जिवाणू तो फोडतात आणि मग वास येतो. म्हणून काख साबणाने धुणं, कोरडी करणं आणि रोज धुतलेला शर्ट घालणं ही पहिली पायरी. डिओडरंट वास झाकतं, अँटिपर्स्पिरंट घाम कमी करतं. दुसरं घेतलं तर रात्री झोपताना कोरड्या काखेत लाव, तेव्हा ते जास्त चांगलं काम करतं. न धुतलेल्या काखेवर फवारा मारला की दोन वास एकत्र होतात, एवढंच.

रोज ५० ते १०० केस गळणं सामान्य आहे. कोंडा असेल तर झिंक पायरिथिऑन किंवा कीटोकोनाझोल असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, आणि तो डोक्यावर तीन ते पाच मिनिटं राहू दे. लगेच धुऊन टाकतात म्हणूनच पुष्कळ जणांना त्याचा उपयोग होत नाही.

पहिली दाढी किंवा पायावरचे केस काढायचे असतील तर अंघोळीनंतर काढ, केस मऊ झालेले असतात. फेस लावून, केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने, हलक्या हाताने. रेझर स्वतःचाच, कुणाशी वाटून घ्यायचा नाही. पाच-सात वेळा वापरल्यावर पातं बदल. काढायचेच नसतील तरी काही बिघडत नाही. हा आरोग्याचा प्रश्न नाही, आवडीचा आहे.

पाळीबद्दल मुलग्यांनीही वाचावं, घरात आणि वर्गात उपयोगी पडतं. पहिली दोन-तीन वर्षं चक्र अनियमित असतं; २१ ते ४५ दिवसांमध्ये कधीही पाळी येणं या वयात चालतं. पॅड दर चार ते सहा तासांनी बदलायचं, रक्तस्राव कमी असला तरी. दप्तरात एका छोट्या पिशवीत दोन पॅड आणि एक जादा अंतर्वस्त्र कायम ठेव. कापडावरचा डाग थंड पाण्यात धुवायचा, गरम पाण्याने तो पक्का होतो. पोटात कळ आली तर गरम पाण्याची पिशवी खरोखर उपयोगी पडते. दर तासाला पॅड भिजत असेल, सात दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव होत असेल, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आलेली नसेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

उंची आणि वजन

वर्गात सगळ्यांची जन्मवर्षं जवळपास सारखी असतात, शरीरं मात्र वेगवेगळ्या वेळापत्रकाने चालतात. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात आठ ते तेरा या काळात कधीही होते, मुलग्यांमध्ये नऊ ते चौदा. म्हणजे तेरा वर्षांच्या एका मुलीची पाच वर्षांपूर्वीच सुरुवात झालेली असू शकते आणि तिच्या शेजारी बसणारीची आत्ता कुठे सुरुवात होत असेल. दोघी अगदी ठीक असतात. मुली साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने उंच होतात, म्हणून सातवी-आठवीत मुलगे बुटके वाटतात.

वाढ सगळीकडे एकदम होत नाही. हातपाय आधी लांब होतात, धड मागाहून. त्यामुळे काही महिने वस्तू हातातून पडतात, आपण दाराला धडकतो. झपाट्याने उंच होण्याआधी पुष्कळांच्या पोटावर-मांड्यांवर थोडी चरबी येते. मुलींचे स्तन सारखे नसणं, मुलग्यांच्या छातीवर स्तनाग्रामागे दुखरी गाठ येणं, मांडीवर-कमरेवर रेघा उमटणं, हे सगळं नेहमीचं आहे. छातीवरच्या गाठीबद्दल मुलगे कुणाशी बोलत नाहीत, पोहायला जायचं बंद करतात, उकाड्यातही जाड शर्ट घालतात. साधारण निम्म्या मुलग्यांना ती कमीअधिक प्रमाणात येते आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत जाते. हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं असतं, म्हणून इथे सांगितलं.

या वयात उपाशी राहून बारीक होण्याचा प्रयत्न करू नकोस. नऊ ते अठरा या वयात दिवसाला सुमारे १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, तरुण मोठ्या माणसांपेक्षाही जास्त, कारण हाडांचा बराचसा साठा याच वर्षांत भरला जातो. पाळी सुरू झालेल्या मुलींना लोहही जास्त लागतं. प्रोटीन पावडरची गरज नाही. डाळी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे यांतून ते मिळतं. दिवसातून तासभर दम लागेल अशी हालचाल आणि रात्री आठ ते दहा तास झोप, यांना पर्याय नाही. किशोरवयात शरीराचं घड्याळच उशिरा झोपेकडे सरकतं, त्यामुळे रात्री लवकर झोप न येणं हा आळस नव्हे. सकाळी उजेडात बाहेर पडणं आणि झोपायच्या खोलीबाहेर मोबाईल ठेवणं, एवढं केलं की ते थोडं मागे येतं.

आता एक गंभीर गोष्ट. रोज तासाहून जास्त वेळ दिसण्याच्याच विचारात जात असेल, त्यापायी शाळा किंवा मित्र टाळावेसे वाटत असतील, जेवण चुकवणं, जेवल्यावर मुद्दाम उलटी काढणं, चक्कर येणं, सुरू झालेली पाळी बंद पडणं, यांतलं काही होत असेल, तर ते लपवू नकोस. विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला सांग आणि डॉक्टरांकडे जा. सांगायला शब्द सुचत नसतील तर चिठ्ठी लिहून दे. हे आजार आहेत, आणि त्यांवर उपचार आहेत.

ओट्यावर येण्याआधी

केस बांध, लोंबत्या बाह्या दुमड, हात साबणाने वीस सेकंद धू. भाजी कापायच्या पाटाखाली ओलं फडकं घाल, म्हणजे तो सरकत नाही. कापताना वस्तू धरलेल्या हाताची बोटं आतल्या बाजूला वळलेली हवीत, नखं आत आणि पेरं पुढे, सुरी पेरांना टेकून वरखाली होते. गोल वस्तू आधी अर्धी करून सपाट बाजू खाली ठेव. बोथट सुरी जास्त धोक्याची, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो आणि ती निसटते. हातातून सुरी पडली तर झेलायला जाऊ नकोस, मागे हो.

भांड्याचा दांडा आत वळवलेला असावा. झाकण उचलताना ते आपल्यापासून पलीकडे कलव, वाफ उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त भाजते. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद, वर झाकण, आणि गार होईपर्यंत ते उघडायचं नाही. पाणी कधीही ओतायचं नाही. पाणी तेलापेक्षा जड असतं, ते खाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि ती पेटतं तेल चहूकडे उडवते. गॅसचा वास आला तर गॅसचा रेग्युलेटर बंद कर, खिडक्या उघड, दिव्याचं बटण चालूही करू नकोस आणि बंदही करू नकोस, बाहेर जाऊन मोठ्यांना सांग. भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली. बर्फ, टूथपेस्ट, तेल यांतलं काही लावायचं नाही. फोड आला किंवा तळहाताहून मोठा भाग भाजला तर डॉक्टर.

पहिला पदार्थ भात

भात मी पहिला निवडते, कारण त्यात चूक नेमकी कुठे झाली हे ओळखता येतं. एक वाटी पांढरा तांदूळ दोघांना पुरतो. दोन-तीन पाण्यांनी धू, दोन वाट्या पाणी आणि अर्धा छोटा चमचा मीठ घाल, मोठ्या आचेवर उकळी येऊ दे. उकळी आली की आच अगदी मंद, वर घट्ट झाकण, बारा ते पंधरा मिनिटं. मध्ये ढवळायचं नाही, शितं मोडतात आणि भात चिकट होतो. गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं झाकण तसंच. या दहा मिनिटांत वाफ वरपासून खालपर्यंत सारखी जिरते. हीच पायरी घाईत राहून जाते आणि मग भात कुठे ओला, कुठे कडक राहतो.

आता तीच रीत. भात कच्चा राहिला तर पुढच्या वेळी पाणी पाव वाटीने वाढव, बाकी सगळं तसंच ठेव. गिच्च झाला तर पाव वाटीने कमी कर. आच आणि पाणी दोन्ही एकदम बदललं तर काही शिकायला मिळत नाही. तीन-चार खेपांत तुझ्या भांड्याचं, तुझ्या तांदळाचं माप सापडेल. ते कागदावर लिहून कपाटाच्या आत चिकटव.

अंडं, बटाटा, भाजी, डाळ

अंडं उकळत्या पाण्यात चमच्याने अलगद सोड. सात मिनिटांत बलक मऊ, दहा-अकरा मिनिटांत पूर्ण घट्ट. लगेच गार पाण्यात टाक. जास्त उकळलं तर बलकाभोवती हिरवट कडा येते. ती पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र आल्याने होते, खायला हरकत नाही. अगदी ताज्या अंड्याचं कवच सुटत नाही, आठवडाभर जुन्याचं चटकन सुटतं.

बटाटे मात्र गार पाण्यातच टाकून तापवायचे. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून पिठूळ होतात आणि आत कच्चे राहतात.

परतलेल्या भाजीसाठी तुकडे सारख्या आकाराचे काप. कढई आधी तापू दे, मग तेल, मग कांदा आणि चिमूटभर मीठ. कांद्याला घाई करू नकोस; तो पारदर्शक व्हायला पाच-सात मिनिटं, तांबूस व्हायला पंधरा-वीस लागतात. भाजी तांबूस होते ती पाणी उडून गेल्यावरच, कारण पाणी आहे तोवर कढईतली उष्णता १०० अंशांच्या वर फारशी जात नाही. म्हणून कढई गच्च भरली की भाजी परतली जात नाही, नुसती उकडते. गाजर, फ्लॉवर अशा कडक भाज्या आधी, मटार नंतर, पालेभाजी शेवटच्या दोन मिनिटांत.

मसूर डाळ भिजवावी लागत नाही. एक वाटी डाळ, तीन वाट्या पाणी, वर येणारा फेस काढून टाकायचा, पंधरा-वीस मिनिटांत शिजते. राजम्याचं तसं नाही. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळल्याशिवाय तो खाऊ नये. कोमट आचेवर शिजवणं पुरत नाही.

मिठाचं सांगायचं तर, थोडं घाल, ढवळ, मिनिटभर थांब, चाख, मग पुन्हा. खारट झालंच तर बटाट्याची फोड टाकून मीठ शोषलं जातं असं सांगतात. ती फोड मीठ घेते ते तिच्यात शिरलेल्या पाण्यापुरतंच, बाकीचा रस तेवढाच खारट राहतो. खरा उपाय म्हणजे बिनमिठाचं आणखी काही घालणं: पाणी, डाळ, भाजी. आणि पदार्थ सपक लागला, मीठ तर बरोबर आहे, अशा वेळी मिठाच्या डब्याकडे पुन्हा जाण्याआधी थोडं लिंबू पिळून बघ. पुष्कळदा कमी पडलेली असते ती आंबट चव.

उरलेलं आणि जळलेलं

उरलेला भात तासाभरात पसरट डब्यात काढून गार कर आणि फ्रिजमध्ये ठेव. भातात काही जिवाणूंची बीजं शिजल्यावरही टिकतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला तर ती वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम कर, एकदाच.

आणि पातेलं तळाशी लागलं असेल, कधी ना कधी लागेलच, तर घासत बसू नकोस. तळ बुडेल इतकं पाणी घाल, एक चमचा खाण्याचा सोडा टाक, दहा मिनिटं उकळ आणि रात्रभर तसंच ठेव. सकाळी लाकडी उलथन्याने खरवडलं की थर सुटून येतो. पातेलं ॲल्युमिनियमचं असेल तर सोडा नको, तो धातू काळा पडतो. तिथे नुसतं पाणी आणि लिंबाची साल उकळ.